पोरांना पहिल्यांदाच रानात आणि ओढ्यावर नेताय? मग हे वाचा

दर वर्षी मार्च संपत आला की दोन-चार मेसेज ठरलेले असतात, ताई यंदा आम्ही पण सोसायटीतल्या मुलांचा निसर्ग कॅम्प करायचं म्हणतोय, काय काय लागतं जरा सांग ना. दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी भीमाशंकरच्या उत्तरेला, आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या बाजूला मुलांना नेते त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील, तुम्ही कोकणात नाहीतर विदर्भात करणार असाल तर झाडं-प्राणी बदलतील, पद्धत साधारण तीच.

आधी माझ्या पहिल्या वर्षाची फजिती सांगते. २२ मुलं, ९ किलोमीटरची चाल आणि शेकरू दाखवायचंच असा माझा हट्ट. निघता निघता साडेआठ वाजले, मे महिना, अकरापर्यंत दोघांना उलट्या, एकाची चप्पल तुटली, शेकरू काही दिसलं नाही (२२ पोरांचा आवाज ऐकून ते कशाला थांबतंय). परतताना एक मुलगी आटत आलेल्या ओढ्यातल्या एवढ्याशा डबक्यापाशी बसली ती उठेचना. पाण्यावर पळणाऱ्या त्या लांब पायांच्या निवळ्या असतात ना, त्यांची तळाशी पडणारी सावली ती बघत होती. पाय काडीसारखे बारीक, पण सावली मात्र गोल गोल टिकल्यांची! पाय टेकतो तिथं पाणी जरासं दबतं, त्या खळगीतून ऊन बाजूला फाकतं आणि खाली काळी टिकली उमटते. मी काय केलं, तर "चल चल, उशीर होतोय" म्हणून तिला हाताला धरून उठवलं. ते अजून सलतं.

तर तेव्हापासून माझा नियम, चालणं कमी आणि बसणं जास्त. दिवसाला २ किलोमीटर खूप झाले. बाकी सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

पायरी १: आधी स्वतः जाऊन या, आणि दोनदा जा

फोटो बघून जागा ठरवू नका. एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि एकदा कॅम्पच्या आठवडाभर आधी, कारण मार्चमध्ये जिथं गुडघाभर पाणी असतं तिथं मेमध्ये नुसते गोटे असू शकतात. जाल तेव्हा गावातल्या माणसाला सोबत घ्या. आमच्याकडे महादेव कोळी वाडीतले एक मामा येतात, त्यांच्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. कुठल्या झाडाला आग्या मोहोळ लागलंय, कुठला डोह दिसतो उथळ पण आत एकदम खोल आहे, गुरं कुठं पाण्यावर येतात, हे त्यांना तोंडपाठ. त्यांचा दिवसाचा मोबदला आधी ठरवा आणि नीट द्या, तिकडं एप्रिल-मे म्हणजे हिरडा गोळा करायचे दिवस असतात, माणूस आपली कमाई सोडून तुमच्यासोबत येतोय.

अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. भीमाशंकर अभयारण्य १९८५ सालचं, १३० चौरस किलोमीटरच्या आसपासचं, शेकरूसाठीच राखलेलं, तिथं आपल्याला वाटेल तिथं घुसता येत नाही. देवराई असेल तर गावाचे नियम विचारा, काही ठिकाणी चपला बाहेर काढतात, काही ठिकाणी वाळलेली काडीसुद्धा उचलत नाहीत. मुलांना हा नियम गंमत म्हणजे वनखात्याच्या नियमापेक्षा पटकन पटतो.

आणि सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम, जवळचा सरकारी दवाखाना शोधा, आत जाऊन विचारा की सर्पदंशावरची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, आणि मुक्कामापासून तिथपर्यंत एकदा अंधार पडल्यावर गाडी चालवून बघा. मोबाइलला रेंज कुठल्या दगडावर उभं राहिलं की येते तेही बघून ठेवा, हसू नका, आमचा असा एक दगड खरंच आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला कॅम्प असेल तर तिथल्या आरोग्य केंद्रात माकडतापाचं विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नका. तो गोचिडीमुळे होतो, २०१६ मध्ये त्या भागात साथ आली होती आणि त्याचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यातही चालू असतो.

पायरी २: मुलं किती, मोठी माणसं किती

नवीन असाल तर १२ ते १५ मुलं, वय ९ ते १३. रानात दर ६ मुलांमागे एक मोठं माणूस आणि पाण्याजवळ दर ४ मुलांमागे एक. हा माझा हिशोब आहे, कोणी यापेक्षा कडक ठेवत असेल तर उत्तमच. सैल मात्र नको.

पालकांकडून फॉर्म भरून घ्या, त्यात दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं तर हवीतच पण "झोपेत अंथरूण ओलं होतं का" हेही विचारा, कुणी आपणहून सांगत नाही आणि मग ते पोर सकाळी गोधडीत तोंड लपवून बसतं. मोठ्या मुलींना पाळी येऊ शकते, पॅड आणि कागदी पिशव्या एखाद्या ताईच्या सॅकमध्ये असू द्या आणि पहिल्याच दिवशी मुलींना बाजूला घेऊन सांगा की कुणाकडे मागायचं.

फोनचं काय करायचं यावर दर वर्षी पालकांशी वाद होतो. आमच्याकडे मुलांना फोन नाही. रोज रात्री आम्हीच ग्रुपवर दोन फोटो आणि एक ओळ टाकतो, बस.

पायरी ३: सॅक

यादी लांबवत नाही. फुल पँट, पूर्ण बाह्यांचा मळखाऊ रंगाचा शर्ट, टोपी, मागे पट्टा असलेले जुने सँडल पाण्यासाठी आणि बूट रानासाठी. स्लिपर अजिबात नको, शेवाळावर त्या हमखास दगा देतात. प्रत्येकाकडे २ लिटर पाणी, टॉर्च, शिट्टी, वही आणि पेन्सिल. पेन नको, वही भिजली की शाई पसरते आणि पोरगं रडतं.

डिओ, सेंट, सुगंधी तेल घरीच ठेवा. आग्या मोहोळाच्या माश्यांना उग्र वास चालत नाही, धूर आणि आरडाओरडा तर नाहीच नाही. मोहोळ असलेल्या कड्याखालून, झाडाखालून जायचंच नाही, पण उठल्याच माश्या तर हात झाडत बसायचं नाही, डोकं-तोंड कपड्याने झाकून तिथून लवकरात लवकर लांब, जमलं तर बंद खोलीत किंवा गाडीत.

तुमच्या सॅकमध्ये ओआरएसची पाकिटं, बँडेज, १५ मीटर दोरी आणि पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, झाकण घट्ट लावलेला. कॅन कशाला ते पुढे येईल. शिवाय ओढ्यासाठी एक पांढरा पसरट ट्रे, चहाच्या २-३ गाळण्या, रंगवायचा मऊ ब्रश आणि भिंगं. सगळं मिळून फार खर्च नाही, मी तर ट्रेऐवजी जुन्या फ्रिजमधला भाजीचा कप्पा वापरते.

पायरी ४: रानातली पहिली सकाळ

सहाला बाहेर, दहाच्या आत परत. पहिल्या दिवशी मुक्कामापासून अर्धा किलोमीटरसुद्धा जाऊ नका. मुलांना एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर बसवा, वहीच्या मधोमध फुली काढायला सांगा, ती फुली म्हणजे तू. आता दहा मिनिटं गप्प बसून जिकडून जो आवाज येईल तिकडे त्याची खूण करायची. पहिली तीन मिनिटं फिदीफिदी चालतं, चालू द्या, रागवू नका. मग कुठंतरी तांबट टुक-टुक-टुक सुरू करतो, पावशा ओरडतो, आणि एकेक मान वळायला लागते. पावशा काय म्हणतो ते लगेच सांगू नका, आधी त्यांना काय ऐकू येतं ते विचारा. शेतकऱ्याला "पेरते व्हा" ऐकू येतं हे मग मामांच्या तोंडून येऊ दे. आमच्यातल्या एकाला "नेटवर्क गेलं" ऐकू आलं होतं, आम्ही तेच लिहून ठेवलं.

नावांची घाई करू नका असं मी नवीन ताई-दादांना फार वेळा सांगते. नाव कळलं की पोरं बघायचं थांबवतात. ऐनाच्या झाडापाशी नेलं तर आधी हात लावू दे, डोळे मिटून. साल चौकोन-चौकोन फुटलेली, खरखरीत, एक जण हमखास म्हणतोच की मगरीची पाठ! म्हणा, हो, मगर झाड. दुसऱ्या दिवशी सांगा की याला ऐन म्हणतात, ते जन्मभर विसरत नाहीत. कांडोळाचं झाड दिसलं तर ते संध्याकाळसाठी राखून ठेवा, पांढरंफटक खोड आणि पापुद्रे सुटलेली साल, अंधारात ते असं काही दिसतं की उगाच नाही त्याला भुताचं झाड म्हणत.

शेकरू शोधायला वर बघा, पण शेकरू नका शोधू, घरटं शोधा. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसतो. एकच शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतं, त्यामुळे घरटं रिकामं असेल तर हिरमुसायचं नाही, आसपास अजून असतील ती मोजायची. घरटी मोजण्यात पोरं इतकी रंगतात की शेकरू या झाडावरून त्या झाडावर वीसेक फुटांची उडी मारून गेलं तरी अर्ध्यांना कळत नाही, खरंच झालंय असं.

खाली बघायला पण तितकंच आहे. वाटेवरच्या मऊ धुळीत पायाचा ठसा दिसला की नखांच्या खुणा आहेत का ते बघा. कुत्रं, कोल्हा, तरस यांची नखं उमटतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो म्हणून नुसती गादी आणि चार बोटं. दगडावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर काडीने उलगडून बघा, हाताने नाही. उदमांजराची असेल तर त्यात कोणकोणती फळं खाल्ली त्याचा पूर्ण हिशोब मिळतो. ई-ई करणारी मुलंच पाच मिनिटांनी बिया मोजत बसतात.

करवंदं मे महिन्यात असतातच. एकच अट, मामांनी दाखवल्याशिवाय कुठलंही फळ तोंडात जाणार नाही. मग कोंबडा की कोंबडी खेळा, फोडल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. शहरातल्या निम्म्या मुलांना हा खेळच माहीत नसतो, त्यांच्या आईबाबांना विचारलं तर चटकन आठवतो.

काय टाळायचं ते पण सांगते. खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा, सोनेरी लव असलेल्या, दिसायला मखमली आणि मुलांचा हात तिकडंच जातो. लागलीच तर खाजवू द्यायचं नाही, चिकटपट्टीने कुसं उचलायची आणि मग धुवायचं. पानं शिवून केलेलं ओंबिलांचं, म्हणजे चावणाऱ्या लाल मुंग्यांचं, घरटं लांबून दाखवा, मस्त असतं, पण त्या झाडाला टेकू नका. दगडाखाली, बिळात, ढोलीत हात घालायचा नाही, बसण्याआधी काठीने जागा आपटायची. मेमध्ये रानात शेकोटी तर बिलकुल नाही. मला माहितीये कॅम्प म्हटलं की सगळ्यांना कॅम्पफायर हवा असतो, पण वाळलेलं गवत आणि वारा, वणवा लागायला एक ठिणगी पुरते. आम्ही कंदील मधे ठेवून गोष्टी सांगतो, कुणी तक्रार केलेली नाही.

पायरी ५: ओढा, म्हणजे खरा कॅम्प

इथं मी जास्त बोलणार आहे कारण जास्त मजा इथेच आणि जास्त धोकाही इथेच.

सह्याद्रीतल्या नद्या-ओढे मेमध्ये शांत दिसतात आणि त्यातच माणूस फसतो. वाहतं पाणी घोट्याएवढं, आणि चार पावलांवर डोह, तो किती खोल वरून कळत नाही. म्हणून जागा तुम्ही आणि मामांनी काठीने तपासलेली हवी, काठावर रंगीत फडकी बांधून हद्द आखायची, आणि सगळ्यात छोट्या मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी जाईल तिथं कुणीच जायचं नाही. पोहणं नाही. पोहता येणाऱ्यांनी तर मुळीच नाही, तेच आधी पुढे जातात. एक मोठं माणूस कायम प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभं, हातात फोन नाही, गप्पा नाहीत, त्याचं काम फक्त डोकी मोजणं. दर दहा मिनिटांनी शिट्टी, शिट्टी झाली की आपापल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. जोडीदार नसलेला हात दिसला की खेळ बंद.

कुणी खोलात गेलंच तर आपण उडी मारायची नाही. काठी पुढे करा, नाहीतर दोरीला बांधलेला तो रिकामा कॅन फेका, तो धरून मूल तरंगतं आणि तुम्ही ओढू शकता. कॅम्पच्या आदल्या दिवशी कॅन फेकायचा सराव करा, पहिल्या वेळी माझा कॅन झाडात अडकला होता.

पाणी अचानक वाढू शकतं. दुपारी वर डोंगरात वळीव पडला आणि तुमच्याकडे थेंब नाही असं होतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या की कारण शोधत बसू नका, सगळे बाहेर आणि उंचावर. म्हणून ओढा सकाळीच उरकायचा. धरणाखालच्या नदीला तर पावसाची पण गरज नसते, कोलाडजवळच्या कुंडलिकेत वीजनिर्मितीनंतरचं पाणी सोडतात आणि त्यावरच तिथलं राफ्टिंग चालतं. तशी नदी असेल तर पाणी कधी सोडतात ते विचारल्याशिवाय मुलांना काठावरही नेऊ नका.

आता मजा. पाणी झुळझुळ वाहतंय असा दहा-पंधरा फुटांचा पट्टा निवडा. चौघांना एक दगड. दगड हळूच उचलायचा, ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यावर खालची बाजू ब्रशने हलके झाडायची, आणि मग गप्प बसून ट्रेकडे बघायचं. पहिला अर्धा मिनिट नुसता गाळ. मग गाळातला एक कण चालायला लागतो! शेपटीला तीन लांब केस आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखं काहीतरी सतत फडफडतंय, ते मेफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू, ती फडफड म्हणजे त्याचे कल्ले. हे कित्येक महिने पाण्यात राहतं आणि मोठं होऊन पंख फुटले की जेमतेम एखाद-दोन दिवस जगतं, तेही न खाता. आमच्या एका मुलाने विचारलं, मग मोठं कशाला होतं? मी उत्तर दिलं नाही, तुम्हीही देऊ नका, रात्री त्याच्यावरून पोरांची तासभर चर्चा झाली.

दगडाला वाळूची बारीक नळी चिकटलेली दिसली तर ती खरवडू नका, भिंगातून बघा. कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी स्वतःच्या लाळेच्या रेशमाने वाळूचे कण, पानाचे तुकडे जोडून घर करते आणि त्यात राहते. चतुराचं पिल्लू सापडलं तर ट्रेमध्ये त्याला ब्रशने जरासं हलवा, मागच्या बाजूने पाणी सोडून ते रॉकेटसारखं पुढे सरकतं. पाच मिनिटं झाली की सगळं परत आणि दगड जसा होता तसाच, खालची बाजू खाली. उलटा ठेवला तर खाली चिकटलेलं सगळं उन्हात मरतं.

दुसऱ्या दिवशी हेच गावाखालच्या पाण्यात करा, जिथं कपडे धुतात, गुरं बसतात. तिथं मेफ्लाय फारसे मिळणार नाहीत, लाल दोऱ्यासारख्या अळ्या मिळतील, त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. फक्त गावाला नावं ठेवू देऊ नका, आपल्या घराखालच्या मुठा नदीत कुठली अळी मिळेल एवढंच विचारा.

शौचाला जायचं ते पाण्यापासून निदान ७०-८० पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी खुरप्यासाठी रांग लागते.

पायरी ६: रात्र

मेच्या शेवटी जात असाल तर काजवे मिळतील, पाऊस नीट सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, झाडापाशी गेलात की तोही बंद, कारण ते उजेडानेच एकमेकांना शोधतात. झाडाखाली गवतात फिरू नका, जमिनीलगतही काजवे बसलेले असतात. मुलांना बाटलीत काजवा धरायचा असतोच, नाही म्हणायचं.

पहिल्या रात्री कुणीतरी घरच्या आठवणीने रडतं. लगेच फोन लावून देऊ नका, आईचा आवाज ऐकला की दुप्पट रडू येतं. शेजारी बसा, उद्याचं एखादं काम द्या. मी रडणाऱ्याला सकाळी मामांबरोबर पाणी आणायला पाठवते.

पायरी ७: काही झालंच तर

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-घड्याळ काढायचं, वेळ लिहून ठेवायची, मुलाला चालवायचं नाही आणि सरळ दवाखाना. १०८ ला फोन लावा, पण गाडी तुमच्याकडे असेल तर वाट बघत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी मुलांना फोटोत आधी दाखवा, पण साप पकडून ओळख पटवायच्या नादाला लागू नका. रानात काही गडबड वाटली, वणवा दिसला, तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

ऊन लागलं तर सावली, ओलं फडकं, ओआरएस थोडं थोडं. मूल असंबद्ध बोलायला लागलं किंवा गुंगीत गेलं तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, अंगावर पाणी आणि थेट दवाखाना. विजा कडाडायला लागल्या तर एकट्या झाडाखाली नाही, कड्यावर नाही, पाण्यात नाही.

पायरी ८: निघताना

कचरा मोजून परत आणा. आम्ही आलेल्या चॉकलेटचे कागद पहिल्या दिवशी मोजतो, शेवटच्या दिवशी तेवढेच भरले पाहिजेत. वाडीतल्या मावशी ज्यांनी भाकऱ्या करून घातल्या त्यांना मुलांनी स्वतः जाऊन येतो म्हणायचं, तुम्ही सगळ्यांच्या वतीने नाही.

आणि बसमध्ये बसायच्या आधी खिसे आणि सॅक तपासा. एका वर्षी चार किलोमीटर पुढे आलो तेव्हा मागच्या सीटवरून खुडबुड ऐकू आली, एकाच्या साबणाच्या डबीत ओल्या पानांवर खेकडा, झाकणाला श्वास घ्यायला कंपासने भोकं पण पाडलेली. मामांना फोन लावला, त्याच दगडावरची रेंज नशिबाने त्यांना मिळाली होती, ते मोटारसायकल घेऊन आले, डबी घेतली, पोराला मागे बसवलं आणि कुठल्या दगडाखालचा ते दाखव म्हणाले. आम्ही बाकीचे तासभर रस्त्यात. तेव्हा साबणाच्या डब्या आधी उघडून बघा.